‘भिया बैठा है’: पोरांना गुन्ह्यात ओढणारी मोठी माणसं आणि इंदूरच्या घरांतून विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर साधं, मध्यमवर्गीय. मुलगा शिकतोय. आमच्याकडे असलं कसं होईल?

होऊ शकतं. आणि अशाच घरात ते सगळ्यात उशिरा कळतं, कारण तिथे कोणाच्या मनातच येत नाही. राजेंद्र नगर, सुदामा नगर, वैशाली नगर, कुठेही आपल्या मराठी घरात हा विषय काढा, ‘आमच्यात असलं काही नाही हो’ हेच पहिलं उत्तर मिळतं. ज्याला पोरगं वापरून घ्यायचं असतं तो आडनाव बघत नाही, दहावीचे मार्कही बघत नाही. या पोराला सध्या काय कमी पडतंय, एवढंच तो बघतो.

वडिलांची नोकरी सुटलेली. आई आजारी. अकरावीत फिजिक्स डोक्यावरून चाललंय आणि घरी सांगायची सोय नाही. वर्गात कोणीतरी रोज चिडवतं. मोबाईलचा हप्ता थकलाय. किंवा खरगोन, बऱ्हाणपूरहून भंवरकुआंला कोचिंगसाठी आलेला मुलगा, खोलीत एकटा, रविवारी बोलायलाही कोणी नाही. यातलं एखादं तरी प्रत्येक घरात कधी ना कधी असतंच.

हे ‘भिया’ लोक (इंदुरी बोलीत ‘भिया’ म्हणजे दादा) दिसतात कसे? ओळखायचे कसे?

दिसण्यावरून ओळखता येत नाहीत. बहुतेक वेळा तो वीस-पंचवीस वर्षांचा, गल्लीतलाच, जिममध्ये भेटणारा, चहाच्या गुमटीवर उभा असणारा, गणपतीच्या मांडवात पुढे पुढे करणारा असतो. तुम्हाला बघून ‘काकू, नमस्ते’ म्हणतो. पुष्कळदा तो स्वतःही पंधराव्या-सोळाव्या वर्षी असाच ओढला गेलेला असतो. त्याच्या मागे कोण आहे हे पोराला कधीच कळू दिलं जात नाही. पकडला गेलाच तर पोराने नाव तरी कोणाचं घ्यायचं?

एक खूण मात्र मी नेहमी सांगते. तुमच्या सोळा वर्षांच्या मुलाशी पंचवीस वर्षांच्या माणसाची मैत्री असेल, तो त्याच्यावर पैसे खर्च करत असेल आणि ही मैत्री घरापासून लपवून ठेवली जात असेल, तर तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर गप्प बसू नका.

ओळखीपासून गुन्ह्यापर्यंत मधे नेमकं काय घडतं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर सांगते. समजा, अकरावीतला एक मुलगा आहे. क्लासनंतर गुमटीवर थांबतो. एक दिवस चहा-पोह्यांचे पैसे द्यायला जातो तर गुमटीवाला म्हणतो, ‘भिया ने दे दिए।’ दुसऱ्या दिवशी भिया स्वतः बोलतो. नाव विचारतो, लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी चार जणांसमोर त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, ‘अपना पट्ठा है।’ घरी ज्याला दिवसभर ‘अभ्यास कर’ एवढंच ऐकू येतं, त्याला हे शब्द किती गोड लागत असतील याचा विचार करा. या टप्प्यावर त्याच्याकडून काहीच मागितलं जात नाही. महिना-दोन महिनेसुद्धा नाही.

मग बुलेटवरून रात्री सराफ्यात, तिथल्या खाऊगल्लीत, चक्कर. मग बूट. साधे नाहीत, त्याने रीलमध्ये बघून ठेवलेले. घरी तो सांगतो, मित्राचे आहेत, त्याला लहान झाले. हे पहिलं खोटं, आणि ते त्याला भियानेच शिकवलेलं असतं: ‘घर पे मत बताना, मम्मी खामखा टेंशन लेगी।’ इथे एक दार बंद झालं. आता मुलाच्या आयुष्यात अशी एक गोष्ट आहे जी भियाला ठाऊक आहे आणि आईला नाही.

यानंतर काम सुरू होतं, आणि पहिलं काम अगदी निरुपद्रवी असतं. एक चावी सरवटे बसस्टँडजवळ कोणाला तरी नेऊन दे. त्याचे पाचशे रुपये. मग एक थैली. परत आल्यावर विचारतात, ‘खोलके देखी क्या?’ नाही म्हटलं की पाठीवर थाप पडते. ही परीक्षा असते. पोरगं विचारत नाही, बघत नाही, बोलत नाही याची. तिसऱ्या-चौथ्या वेळेला कोणीतरी सहज सांगून टाकतं की थैलीत काय होतं. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: ‘अब तू भी इसमें है।’

याच सुमारास हातात चाकू देऊन, गाणं लावून मजेमजेत एखादा व्हिडिओ काढलेला असतो. पोराला वाटतं, रील आहे. तो व्हिडिओ भियाच्या फोनमध्ये जपून ठेवलेला असतो.

बळजबरी सुरू होते ती यानंतर. म्हणजे धमकी येते तेव्हा पोरगं आधीच स्वतःला गुन्हेगार समजू लागलेलं असतं. पालक विचारतात, ‘पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?’ पहिल्या दिवशी सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

तरी, नको म्हणून निघून का येत नाहीत?

तीन गोष्टी अडवतात. भियाबद्दल वाटणारी खरीखुरी माया (होय, माया, ती हसण्यावारी नेऊ नका). पैसे. आणि घरची भीती.

तिसरी सगळ्यात भारी असते. ‘तेरे बाप को पता चला तो?’ या एका वाक्यावर हा धंदा चालतो. वडिलांच्या हातचा मार, आईचं रडणं, आजोबांच्या नजरेतून उतरणं, सोसायटीत तोंड दाखवायला जागा न उरणं, हे सगळं मुलाला पोलिसांपेक्षा भयंकर वाटतं. आपल्या घरात अब्रूचा धाक जितका मोठा, तितकं त्या माणसाचं काम सोपं.

उधारी कशी चढते? मुलगा म्हणतो, ‘मला त्यांचे पैसे द्यायचे आहेत.’

ही उधारी पुष्कळदा मुद्दाम तयार केलेली असते. इंग्लंडमध्ये मोठ्या शहरांतल्या टोळ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या हाती ड्रग्ज देऊन रेल्वेने लहान गावांत पाठवतात. ‘काउंटी लाइन्स’ या नावाने तो प्रकार तिथे ओळखला जातो. त्यात एक ठरलेली चाल सापडली. मुलाला माल देऊन पाठवायचं, वाटेत आपल्याच माणसांकडून त्याला लुटायचं आणि मग म्हणायचं, माल तू हरवलास, आता भरून दे. पोरगं फुकटात राबू लागतं. तिथल्या २०१५च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यात अशा शोषणातून गुन्हा केलेल्या मुलांना बचावाची वेगळी तरतूद आहे.

इथेही चाल तीच. ‘तुला दिलेली थैली ओली झाली’, ‘गाडीला तू ओरखडा पाडलास’, ‘तुझ्यामुळे गिऱ्हाईक गेलं’. बूट, चहा, रिचार्ज हे सगळं तेव्हा प्रेमाने दिलेलं असतं. आता त्याचाही हिशोब निघतो. मुलाने आकडा सांगितला तर ‘एवढे पैसे उडवलेस कुठे?’ असं विचारू नका. ‘हा आकडा कोणी सांगितला आणि कशाचा म्हणाला?’ असं विचारा. हे पैसे देऊन टाकले की प्रकरण मिटेल असंही समजू नका. एकदा घरातून पैसे निघाले की मागणी वाढते.

मुलंच का लागतात त्यांना?

स्वस्त पडतात, दप्तर घेऊन जाणाऱ्या पोराचा कोणाला संशय येत नाही, आणि पकडलं गेलं तर दुसरं आणता येतं. त्यात आपल्या भागाचीही एक गोष्ट आहे. नीमच, मंदसौर, रतलाम या पट्ट्यात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आपल्याच राज्यात, ग्वाल्हेरला आहे. तिथून चोरून निघणाऱ्या मालाला शेजारचं मोठं शहर म्हणजे इंदूर. मोठ्या शहरात पुड्या पोहोचवायला हात लागतात.

‘तू नाबालिग आहेस, तुझं काही वाकडं होणार नाही’ असं त्यांनी सांगितलंय. खरं आहे का?

अर्धं खरं, म्हणूनच घातक.

खरा भाग असा. किशोर न्याय कायदा, २०१५ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याचं प्रकरण किशोर न्याय बोर्डापुढे चालतं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांपैकी निदान एक महिला. समुपदेशन, समाजसेवा, देखरेख असे आदेश होऊ शकतात, आणि फार तर तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं.

न सांगितलेला भाग असा. ज्या गुन्ह्याला कायद्याने कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे तो ‘जघन्य’ मानला जातो. मूल सोळा वर्षांवरचं असेल तर अशा गुन्ह्यात बोर्ड प्राथमिक तपासणी करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं, आणि तिथे त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. खून त्यात येतो. जबरी चोरीत घातक शस्त्र वापरणं येतं. अडीचशे ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइन, म्हणजे ब्राउन शुगरमधला तोच माल, ‘व्यावसायिक मात्रा’ ठरतो आणि त्याला किमान दहा वर्षं आहेत. थैलीत किती ग्रॅम आहे हे पोराला ठाऊक नसतं. ज्याने भरून दिली त्याला पक्कं ठाऊक असतं.

शिवाय कायदा सौम्य असला तरी चाकूचा वार सौम्य नसतो. समोरच्या टोळीने पकडलं तर ते जन्मदाखला बघत नाहीत.

मग त्या मोठ्या माणसाला कायदा काय करतो?

बरंच काही करू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ प्रमाणे, गुन्हा करण्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्याला तीन ते दहा वर्षं कैद आणि दंड आहे. तो गुन्हा घडला, तर तो जणू त्याने स्वतःच केला असं धरून त्या गुन्ह्याची शिक्षाही त्याला वेगळी. किशोर न्याय कायद्याच्या कलम ७८ मध्ये मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थांची ने-आण करवून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ८३ मध्ये मुलाला बेकायदा कामांसाठी वापरणाऱ्या मोठ्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. ही कलमं कागदावर यायला हवी असतील तर मुलाला कोणी, कसं वापरलं हे पहिल्या दिवसापासून ठामपणे सांगावं लागतं. ते सांगितलंच नाही तर फाईलमध्ये फक्त पोराचं नाव राहतं.

मुलाने फक्त आपलं बँक खातं मित्राला वापरायला दिलं. त्यात गुन्हा काय?

सायबर ठगीचा पैसा फिरवायला अशी भाड्याची खाती लागतात. एटीएम कार्ड आणि सिम दिलं की दोन-चार हजार मिळतात, मुलाला वाटतं आपण काहीच केलं नाही. पण लुटलेल्या माणसाची तक्रार ज्या खात्यावर येते ते खातं तुमच्या मुलाचं असतं. लगेच बँकेला लेखी कळवा, कार्ड बंद करा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगा. दहा वर्षांवरच्या मुलांना बँका स्वतंत्रपणे खातं चालवू देऊ शकतात, तेव्हा खातं उघडून देताना ‘हे कोणालाही वापरायला द्यायचं नाही’ एवढं एक वाक्य मुलाच्या कानावर घाला.

मुलींच्या बाबतीतही हेच होतं का?

होतं, वाट वेगळी असते. बहुतेक वेळा प्रेमाच्या नावाने. तो आधी फोटो मागतो, मग ते फोटो घरी पाठवायची धमकी देतो, आणि मग म्हणतो, तुझ्या मैत्रिणीला घेऊन ये, तुझे डिलीट करतो. मुलगी आपल्याच वयाच्या दुसरीला त्या जाळ्यात नेते आणि आयुष्यभर स्वतःला दोष देते. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, अशा मुलीच्या संरक्षणासाठी आहे. अठरा वर्षांखालच्यांचे नग्न फोटो इंटरनेटवर पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही, फोनवरच त्याची सांकेतिक खूण तयार होते आणि त्या सेवेत सामील कंपन्या त्यावरून तो शोधून काढतात. फोटोच्या जोरावर मुलग्यांनाही असंच अडकवलं जातं, आणि ते तर आणखीच गप्प राहतात.

भेटगाठ न होता नुसत्या फोनवरून असं होतं का?

हो. स्वीडनमध्ये टोळ्यांनी मेसेजिंग ॲपवर गोळीबाराची ‘कामं’ टाकली आणि ती घेणारी शाळकरी पोरं निघाली. तिथे तेव्हा पंधरा वर्षांखालच्यांवर फौजदारी जबाबदारी येत नव्हती. काम देणारा आणि पोरगं एकमेकांना कधी भेटलेले नसतात. आपल्याकडे ‘घर बैठे कमाई’, ‘सिर्फ पार्सल उठाना है’ अशा मेसेजना बळी पडणारी मुलं त्याच वाटेवर असतात.

घरात काय दिसलं तर सावध व्हायचं?

नवीन महाग वस्तू आणि तिची न पटणारी गोष्ट. दुसरा फोन किंवा दुसरं सिम. फोन वाजला की गच्चीवर पळणं. क्लासला गैरहजेरी. जुन्या मित्रांशी अचानक तुटणं. अंगावरच्या खुणा, पूर्ण बाह्यांचे शर्ट. एकदम उदार होणं किंवा एकदम घाबरं होणं.

यातल्या निम्म्या गोष्टी सतराव्या वर्षी तशाही घडतात. म्हणून यादी हातात धरून मुलाची झडती घेऊ नका. त्याच्या शेजारी बसा.

आम्हाला कळलंय. आज रात्री काय करायचं?

हात उचलायचा नाही. हे सगळ्यात आधी. भियाने त्याला महिनोन्‌महिने सांगितलेलं असतं की घरी कळलं तर तुला मारतील, हाकलून देतील. आज रात्री तुम्ही नेमकं तेच केलंत तर उद्यापासून तो पूर्णपणे भियाचा झाला.

मुलाला एकच वाक्य सांगा: ‘जे झालं ते झालं, आता तू एकटा नाहीस.’ मग ऐका. मधे बोलू नका. तो खोटं बोलेल, अर्धवट सांगेल, दुसऱ्या दिवशी आणखी थोडं सांगेल. हे असंच उलगडतं. वडिलांना आवरत नसेल तर काका, मामा, आत्या, ज्याच्याशी मुलाचं जमतं अशा एकाला बोलवा. एकालाच. नातेवाइकांची बैठक भरवू नका.

फोनमधले चॅट, नंबर, पैसे आल्याचे मेसेज काहीही पुसू नका. ‘घाण नको’ म्हणून घाईने फोन रीसेट करणारे पालक मुलाचाच पुरावा घालवतात. स्क्रीनशॉट काढा, तारखा लिहून ठेवा. घरात एखादी थैली किंवा हत्यार सापडलं तर ते नाल्यात फेकायला जाऊ नका, भियाला परतही करायला जाऊ नका. त्याला हात न लावता वकिलाशी बोला. आणि रागाच्या भरात त्या माणसाच्या दारात तर मुळीच जाऊ नका. सकाळी पहिलं काम, मुलाचा जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र शोधून ठेवा. वय सिद्ध करायला तोच कागद लागतो.

पोलिसांत गेलो तर आपलाच मुलगा अडकेल ना?

ही भीती रास्त आहे, आणि तिचं उत्तर ‘जाऊ नका’ हे नाही. आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील घ्या. मुलांना ही मदत मोफत आहे, घरची मिळकत कितीही असो. वकिलाबरोबर जा. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. टीआय साहेबांना, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांना, भेटा आणि त्याच अधिकाऱ्याशी बोलायचंय म्हणा. दुसरी वाट बालकल्याण समितीची. नशेच्या व्यापारात ओढलं जाण्याचा धोका असलेलं मूल हे कायद्याच्या भाषेत ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ आहे, म्हणजे काही घडायच्या आधीही तुम्ही समितीकडे जाऊ शकता.

मुलाला उचललंय. पुढचे चोवीस तास?

पोलिसांनी तुम्हाला कळवायला हवं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बोर्डापुढे हजर करायला हवं. बेडी नाही, लॉकअप नाही, कुठल्याही जबानीवर त्याची सही घ्यायची नाही. हे नियम शांतपणे, आवाज न चढवता बोलून दाखवा. मुलाचा जामीन हा नियम आहे. तो नाकारला जातो तो सुटल्यावर पोरगं पुन्हा त्याच माणसांच्या तावडीत जाईल किंवा त्याच्या जिवाला, मनाला धोका होईल असं बोर्डाला वाटलं तर, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच फसणार असेल तर. तेव्हा ‘आमचा मुलगा निर्दोष आहे’ एवढंच बोलून थांबू नका. तो कोणाकडे राहील, शाळेत कोण सोडेल, फोनचं काय, हे ठरवून जा.

त्याचं नाव, फोटो, शाळा छापायला कायद्याने बंदी आहे. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवणाराही त्यात येतो.

पुढे नोकरी, पासपोर्ट, सगळं संपलं का?

नाही. या कायद्याखाली निकाल लागलेल्या मुलाला त्या निकालामुळे कुठलीही अपात्रता चिकटत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद सोळा वर्षांवरच्या ज्या मुलाला बाल न्यायालयाने मोठ्यांप्रमाणे दोषी ठरवलंय त्याचा.

त्याला पुण्याला मावशीकडे पाठवून दिलं तर?

आपल्या घरांत हे सगळ्यात आधी सुचतं. धोका ताजा असेल तर थोडे दिवस बाहेर राहणं शहाणपणाचं आहे. बोर्डात प्रकरण चालू असेल तर मात्र बोर्डाला सांगितल्याशिवाय हलवू नका. आणि मावशीला खरं काय ते सांगा. तिला अंधारात ठेवून पाठवलेला मुलगा तिथे पुन्हा एकटाच असतो, फोन त्याच्या हातात असतो आणि भियाकडे नंबर असतो.

मी सतरा वर्षांचा आहे. हे माझ्याबरोबर चाललंय. घरी सांगू शकत नाही.

बरं केलंस, इथवर वाचलंस. तू जे केलंस त्यात तुझा भाग आहे, पण सुरुवात तुझी नव्हती. मोठ्या माणसाने ठरवून तुला निवडलं. ते बूट, ते पोहे, ते ‘पट्ठा’ म्हणणं, त्याने तुझ्याआधी दुसऱ्या कोणाशी हेच केलंय आणि तुझ्यानंतरही करणार आहे.

पुढचं काम घेऊ नकोस. आज आजारी पड, उद्या परीक्षा आहे म्हण, कारण काहीही चालेल. त्याच्याशी हुज्जत घालू नकोस, ‘मी सगळं सांगेन’ अशी धमकी तर मुळीच देऊ नकोस. घरी नाही तर एका मोठ्या माणसाला सांग: शाळेतल्या मॅडम, आजी, मित्राचे बाबा, कोणीही. तेही जमत नसेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लाव. तुझी चोरी-मारी, नशा, फोटो, काहीही असलं तरी ते ऐकून घेतात. अठरा पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर आत्ताच कर. आज जे कायदे तुझ्या बाजूने उभे आहेत, ते अठराव्या वाढदिवसानंतर होणाऱ्या गुन्ह्याला लागू होत नाहीत.

कोणता नंबर कशासाठी?

मुलांसाठी चोवीस तास १०९८. जिवाला धोका असेल, कोणी दारात आलं असेल तर ११२. खातं, पैसे, ऑनलाइन धमकी, फोटो यांसाठी १९३०. मोफत वकिलासाठी १५१००. नशेबद्दल सांगायचं किंवा विचारायचं असेल तर १९३३. मुलगा बोलत नाही, झोपत नाही, जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी करतो, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६, आणि त्या रात्री त्याला खोलीत एकटं झोपू देऊ नका.